प्रेमिला बेटावरून आली होती

मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी साड्या बघायला सुरतेतल्या पर्वत पाटियाला गेले होते. दुसऱ्या मजल्यावरचं होलसेल दुकान. चपला दाराशी काढायच्या आणि पांढऱ्या गादीवर बसायचं. सेल्समननं साड्या पसरायला जागा व्हावी म्हणून एक गादी बाजूला ओढली आणि खालची फरशी उघडी पडली. फरशीत वीतभर रुंदीची एक नाली होती, सिमेंटनं बुजवलेली. वरची लोखंडी जाळी कुणीतरी कधीच काढून नेली असावी. जाळी बसवायच्या खाचा मात्र तशाच होत्या.

मी एका खाचेत बोट घातलं. सेल्समन म्हणाला, "बेन, काही पडलं का?" मी नाही म्हटलं.

ती नाली आमच्या किचनची होती. दर शनिवारी आम्ही पाण्याच्या बादल्या ओतून हे किचन धुवायचो आणि सगळं पाणी त्या जाळीतून गडगडत खाली जायचं. व्हिनेगर, फिनेल, करपलेलं लोणी आणि ओल्या अॅप्रनचा वास. आता इथं नव्या पॉलिस्टरचा वास होता, गोडसर, नाकात बसणारा. भिंती गुलाबी झाल्या होत्या. खिडकी होती तिथं आरसा आला होता, आणि आरशात पन्नाशीची एक बाई फरशीवर वाकून बसलेली दिसत होती.

तेव्हा या इमारतीपुढं शेतं होती. बारडोलीकडं जाणारा रस्ता, त्याच्या कडेला ऊस, आणि मधेच उभी आमची हॉटेल मॅनेजमेंटची संस्था. मी लिंबायतहून यायची. आबा लूमवर, माय घरी साड्यांना टिकल्या लावायची. आमच्या गल्लीत लूमचा खटखटाट दिवसभर चालायचा, आणि तो बंद पडला की माणसं दचकायची. अशा घरातली मुलगी काटे-चमचे मांडायला शिकते याचं गल्लीला हसू यायचं. आबांना यायचं नाही. एवढंच मला पुरे होतं.

संस्थेनं त्या काळात मॉरिशस बेटावरच्या एका शाळेशी बोलणी केली होती. इकडचे एक शिक्षक तिकडं जायचे, तिकडचे एक इकडं यायचे. तिकडची एक मुलगी वर्षभर इथं, इथली एक तिकडं. आमचे देसाई सर आधी जाऊन आले. काळवंडून आले आणि वर्गात फळ्यावर समुद्राचा रंग सांगायचा प्रयत्न करत राहिले. मग जूनमध्ये तिकडून प्रेमिला आली. दिवाळीनंतर तिकडं जायला माझं नाव ठरलं होतं.

प्रेमिला भिवाजी. भिवाजी हे तिचं आडनाव. उसाच्या मळ्यात मजुरीला बोटीत बसून गेलेल्या तिच्या खापरपणज्याचं ते नाव. त्या बेटावर उतरल्यावर साहेबानं नाव विचारलं, यानं सांगितलं, आणि पुढच्या सगळ्या पिढ्या भिवाजी झाल्या. तो रत्नागिरीकडचा होता एवढंच तिला माहीत होतं. गावाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ते समुद्रात पडलं, असं ती म्हणायची.

पहिल्या आठवड्यात ती कुणाशी बोललीच नाही. रंगानं आमच्यासारखीच, पण चालायची अशी की वाटावं पायाखाली वाळू आहे. वर्गात बहुतेक सगळे गुजराती. मधल्या सुट्टीत ती खिडकीशी उभी राहायची आणि उसाकडं बघायची. एक दिवस कुणीतरी पाचट पेटवलं होतं. धूर आत आला तशी सगळ्यांनी खिडक्या लावल्या, आणि ही मात्र एक खिडकी उघडी धरून रडत होती. "हा माझ्या घराचा वास आहे," ती इंग्रजीत म्हणाली.

आमची ओळख झाली ती चटक्यामुळं. तव्याची कड माझ्या मनगटाला लागली आणि तोंडातून निघालं, "आवो माय व! जयनं!"

पलीकडच्या ओट्यावरून प्रेमिला वळली. हातातली सुरी तशीच. हळूच, एकेक शब्द जोडत म्हणाली, "आपण मराठी आहात काय?"

मी हाताला पाणी लावत मान हलवली.

"मग 'जयनं' हे कोणते मराठी आहे?"

"अहिराणी. आमच्या खानदेशची. जयनं म्हणजे जळलं."

"आणि ळ कुठे गेला?"

"आमच्यात ळ नाहीच. काळा म्हणजे काया. डोळा म्हणजे डोया."

ती हसत सुटली. हसता हसता ओट्याला धरून खाली बसली. मग म्हणाली, "आमच्या शाळेत गुरुजी आम्हाला ळ साठी उभे करत. आमची जीभ तिथे जात नाही. मी रोज घरी रडत असे. आणि इथे तुम्ही सगळे ळ शिवाय आनंदात राहता!"

त्यानंतर ती माझी झाली. की मी तिची झाले, कोण जाणे.

रविवारी ती आमच्याकडं यायची. रिक्षातून उतरली की गल्लीतली पोरं मागं लागायची, आणि ती प्रत्येकाला "आपण कसे आहात?" म्हणायची. कुत्र्यालासुद्धा आपण. माय तोंडाला पदर लावून हसायची. "हाई पोर पुस्तकमाईन बोलस," ती म्हणायची, आणि मग तिच्या ताटात दुसरी भाकरी वाढायची. आमची एकच खोली. वरच्या फळीवर पितळी डबे, खाली टिकल्यांचे चमचमते ढीग. प्रेमिला भिंतीला टेकून त्या खोलीत बसायची. मायचा स्टोव्ह, शेजारचा लूम, बाहेर कुणाची तरी अहिराणीतली भांडणं, हे सगळं ती डोळे मिटून ऐकायची. एकदा मी विचारलं, कळतं का तुला? म्हणाली, "नाही. पण हे माझ्या पूर्वजांना कळले असते."

तिला एकच हौस होती. मराठी गाव बघायचं. रत्नागिरी नको, म्हणे. तिथं गेले आणि आपलं गाव कुठलं तेच सापडलं नाही तर? कुठलंही गाव चालेल. चावडी, पार, विहीर, शाळेच्या पुस्तकात चित्र असतं तसं. आबा म्हणाले, दिवाळीला आमच्याबरोबर चल, बेटा. मग तिथूनच तुम्ही दोघी मुंबईला जा, एक राहील, एक उडेल. आबांच्या तोंडून तो 'उडेल' शब्द ऐकला की मायचे हात टिकल्यांवर थांबायचे.

दिवाळीपर्यंत गोष्ट गेलीच नाही.

त्या वर्षीचे गणपती बुडाले आणि दुसऱ्याच दिवशी शहरात प्लेगचं नाव फुटलं. कशानं आला, किती गेले, ते तेव्हाही नीट कळलं नाही आणि आता मला ते सांगायचंही नाही. आठवतं ते एवढंच, की लूम थांबले. आमच्या गल्लीत मी पहिल्यांदा चिमण्या ऐकल्या. माणसं तोंडाला रुमाल बांधून कुलपं लावत होती. मेडिकलवाल्याच्या दारात कॅप्सूलसाठी रांग आणि रांगेत कुणी कुणाला खेटून उभं नाही. हवेत निलगिरीच्या तेलाचा वास. आजही कुणी सर्दीसाठी निलगिरी हुंगली की मी त्या खोलीतून उठून जाते.

मी संस्थेत धावत गेले. होस्टेल रिकामं होत होतं. मुलींचे वडील स्कूटर घेऊन आले होते, नेपाळची दोन मुलं आदल्याच दिवशी निघून गेली होती. प्रेमिला जिन्यात बॅगेवर बसली होती. देसाई सर ऑफिसातल्या फोनवर ओरडत होते. विमानं बंद आहेत, तिकीट नाही, जबाबदारी कुणाची, असं काहीतरी. मी म्हटलं, "सर, मी हिला घेऊन जाते. आमच्या गावी." त्यांनी फोन कानाला तसाच धरून माझ्याकडं पाहिलं. गावाचं नाव हातावर लिहून घेतलं. म्हणाले, "हुं आवीश. मी स्वतः येईन."

माझा पंजाबी ड्रेस घालून प्रेमिला आमच्याबरोबर उधन्याहून भुसावळकडं जाणाऱ्या गाडीत चढली. चढली म्हणजे चढवली. आबांनी तिला खिडकीतून आत दिलं. त्या गाडीत सगळं खानदेश होतं, आणि तरी आवाज नव्हता. मुलं रडत होती तीही हळू. कुणी खोकलं की भोवतालची माणसं मान वळवायची. प्रेमिलानं रुमालाआडून विचारलं, "हे सगळे घरी चालले आहेत ना? मग यांचे चेहरे असे का?"

अमळनेरला उतरून बैलगाडीनं गावाशी पोचलो तेव्हा दुपार होती. वेशीवर चारपाच जण उभे. पुढं पोलीस पाटील, आबांचे बालमित्र, हातात काठी. ते जवळ आले नाहीत. लांबूनच हात जोडले.

"राग मानू नका," ते म्हणाले. "पन गावमा पोरंसोरं शेतस."

आबांनी बैल वळवले. माय म्हणाली, मुलांचा विचार करायलाच हवा. ती हे स्वतःला समजावत होती. प्रेमिला गाडीत उभी राहून वेशीतून आत बघत होती. आत एक रस्ता दिसत होता, एक ओटा, एका घराचं निळं दार, दारात वाळत घातलेली मिरची. एवढंच. मग गाडी फिरली.

आम्ही मळ्यात राहिलो. काकांच्या शेतात विहिरीजवळ एक खोप होती, तुराट्यांची. भोवती कपाशी, पलीकडं बाजरी कणसात आलेली. दिवसभर पाखरं आणि त्यांच्यावर कुणी तरी गोफण फिरवत दिलेली लांबची हाळी. काकी रोज भाकरीचं फडकं आणि ठेच्याची वाटी घेऊन यायची, बांधावर ठेवायची, मागं सरून निंबाखाली उभी राहायची आणि मग हाक मारायची. आम्ही घेईपर्यंत ती तिथंच उभी. आम्ही जेवायला बसलो की तिथूनच बघायची. माय आणि ती, दोघी जावा, एका शेताच्या अंतरावरून ओरडून बोलायच्या. म्हशीला काय झालं, कुणाला दिवस गेले. ओरडून बोललं की बायकांच्या गोष्टी किती उघड्या पडतात ते मला तेव्हा कळलं.

आबा खोपीच्या दाराशी नुसते बसून असायचे. ज्या गावात जन्मले त्या गावाकडं तोंड करून. विडीही ओढायचे नाहीत. मग एका दुपारी प्रेमिलानं उठून पळसाची पानं धुतली, आबांच्या पुढं मांडली, माझी ओढणी घडी घालून डाव्या हातावर टाकली आणि ताठ उभी राहिली. "नमस्कार, महाशय. आज आपल्यासाठी भाकरी आहे, ठेचा आहे, आणि भाकरी आहे. आपण काय घ्याल?"

आबांनी वर पाहिलं. पहिल्यांदा त्यांना कळेना. मग ते गंभीरपणे म्हणाले, "भाकर."

"उत्तम निवड, महाशय."

आबा हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. म्हणाले, "मनी पोरच शे तू." प्रेमिलानं माझ्याकडं बघितलं. 'माझी मुलगीच आहेस तू' हा अर्थ मी सांगितला नाही. तिला कळला होता.

दिवस गुलाबाईचे होते. आमच्या खानदेशात भादव्याच्या पुनवेला मुली गुलाबाई बसवतात, आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघर गाणी. मी लहानपणी सुट्टीत येऊन ती गायले होते. आता दिवस कलला की गावातून टिपऱ्यांचा आवाज यायचा. एका घरातलं गाणं संपायचं, मधे शांतता, मग दुसऱ्या घरातलं लागायचं. वारा फिरला तर शब्द कळायचे, नाहीतर नुसती चाल. प्रेमिला आणि मी विहिरीच्या काठावर बसून ऐकायचो. तिनं मला तिच्या बेटावरची गणपतीची गाणी म्हणून दाखवली. शब्द जुने, अर्धे मलाही कळले नाहीत. तिला तर एकाचाही अर्थ ठाऊक नव्हता. बोटीत गेलेल्या माणसांनी तोंडात धरून नेलेले शब्द. ती गायला लागली की तिचा ळ बरोबर लागायचा.

एका संध्याकाळी त्या मुलीच बांधावर आल्या. आठदहा जणी, परकरातल्या, केसांत झेंडू. निंबापाशी थांबल्या. त्यांतल्या थोरलीनं झाकलेला डबा वर धरला आणि खुळखुळ वाजवला. खिरापत ओळखायची असते, डब्यात काय आहे ते आवाजावरून. ओळखेपर्यंत द्यायची नाही.

"वयखा!" ती ओरडली.

मी ओरडले, "शेंगदाणे!"

"नही!"

"लाह्या!"

"नही!"

मग प्रेमिला उभी राहिली. दोन्ही हात तोंडाभोवती धरून तिनं एक शब्द फेकला, तिच्या बेटावरच्या कुठल्याशा रताळ्याच्या मिठाईचा. मुलींनी एकमेकींकडं पाहिलं. "काय? काय व?" तिनं दुसरी मिठाई सांगितली, तिसरी सांगितली. शब्द असे की शेतात पहिल्यांदाच उमटले असतील. मुली हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. आम्हाला कुणाच्या अंगावर पडता येत नव्हतं म्हणून आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर पडलो. शेवटी डबा बांधावर ठेवून त्या पळाल्या. फुटाणे होते. प्रेमिलानं एकेक दाणा करून खाल्ला आणि म्हणाली, "बघितले? मला घरी बोलावले नाही तर घर चालत आले." पण हे म्हणताना ती गावाकडं बघत होती, आणि तिथं दिवे लागत होते.

आमच्यापैकी कुणी आजारी पडलं नाही. एका सकाळी पोलीस पाटील बांधापर्यंत आले आणि या वेळी थांबले नाहीत. चालत खोपीपाशी आले, आबांच्या शेजारी जमिनीवर बसले. "उद्या या घरी," म्हणाले. आबांनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. ते प्याले. मायनं लगेच सामान बांधायला घेतलं. प्रेमिलानं विहिरीवर केस धुतले.

आणि त्याच दुपारी धुरळा उडवत देसाई सरांची जीप आली. दाढी वाढलेली, डोळे लाल. मुंबईहून विमानात जागा मिळाली होती, आत्ताच निघायला हवं होतं. प्रेमिला ओल्या केसांनी उभी. "उद्या," ती म्हणाली. "उद्या आम्ही गावात जाणार आहोत." सर नुसती मान हलवत राहिले.

तिनं बॅग घेतली. जीपमध्ये पाय ठेवला, आणि परत खाली ठेवला. "मी गावातून चालत जाईन," म्हणाली. "तुम्ही गाडी पलीकडे आणा."

सरांनी घड्याळ बघितलं, आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "चाल बेटा."

आम्ही चौघं वेशीतून आत गेलो. निळं दार आलं, मिरची आली, ओटा आला. लोक दारांत उभे राहिले. कुणी पुढं आलं नाही, कुणी आडही आलं नाही. प्रेमिला मधोमध चालत होती, सावकाश, दोन्हीकडं बघत, आणि प्रत्येक दाराशी "नमस्कार" म्हणत होती. तिच्या नमस्काराला उत्तर म्हणून मुंडासं हलायचं, पदर सावरला जायचा, बस. पाराजवळ ती थांबली, झाडाला हात लावला. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही.

गाव संपत आलं तिथं काकीचं घर. काकी धावतच बाहेर आली, हातात कुंकवाचा करंडा आणि सुपात ज्वारी. शेजारीण म्हणाली, "आवो, हात नको लावू तिले." काकीनं ऐकलं नाही. "दारवरथीन रिकामी जास का पोर?" ती म्हणाली. तिनं प्रेमिलाच्या कपाळाला कुंकू लावलं, तिची ओढणी धरायला लावली आणि ओंजळ ओंजळ ज्वारी तिच्या ओटीत घातली. माहेरवाशिणीला घालतात तशी. मग दोन्ही हातांनी तिचा चेहरा कुरवाळून बोटं आपल्या कानशिलांवर मोडली.

प्रेमिलानं मला विचारलं, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "परत ये, असं आहे."

ती ओटी धरूनच जीपमध्ये बसली. दाणे सांडू नयेत म्हणून तिला हात हलवता आला नाही.

सुरत पुन्हा सुरू झाली. लूम लागले, चिमण्यांचा आवाज बुडाला. संस्था उघडली तेव्हा देसाई सरांनी मला याच किचनमध्ये बोलावलं. तिकडच्या शाळेनं कळवलं होतं. सुरतहून कुणी यायला नको, सुरतला कुणी पाठवणार नाहीत. "हमणां नहीं, बेटा," सर म्हणाले. सध्या नको. मग त्यांनी नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागले. ते 'हमणां' काही संपलं नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही, आणि मग संस्थाच संपली.

मी स्टेशनजवळच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला लागले. तिथंच इतकी वर्षं गेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चादरी घातल्या, काढल्या. कुठल्या कुठल्या गावांचे वास असायचे त्या चादरींना. प्रेमिलाची दोन-तीन कार्डं आली, निळ्या पाण्याची. मग आम्ही लिंबायत सोडून कोसाडला राहायला गेलो, आणि ती तरी तिच्या पत्त्यावर राहिली असेल का? आबा गेले, माय गेली, काकी गेली. काकीच्या दिवसांना गावी गेले होते तेव्हा पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ती आपली परदेशनी पोर कशी शे?" आपली, म्हणाला. मी म्हटलं, मजेत आहे.

ज्या बेटावर मी गेले नाही त्याचा वास मला येतो. जळत्या पाचटाचा, मिठाचा, रताळ्याच्या कसल्याशा मिठाईचा. तो खरा कसा असतो ते मला ठाऊक नाही.

"बेन?" सेल्समन म्हणाला. त्यानं साड्यांचा ढीग घातला होता आणि मी एकीकडंही बघितलं नव्हतं. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी म्हटलं, इथं पूर्वी शाळा होती, मी शिकायला होते इथं.

"एम? शेनी शाळा?" कसली शाळा, त्यानं कौतुकानं विचारलं.

"मेहमानांची," मी म्हटलं. दुसरा शब्द सुचेना.

तो समजल्यासारखं हसला. लग्नाच्या साड्यांना बाई कधी एकटी येत नाही, हे त्याच्या धंद्याला पक्कं ठाऊक. त्यानं पोऱ्याला न पाठवता स्वतःच जाऊन चहा आणला, दोन कप, एक माझ्यापुढं ठेवला आणि एक माझ्या शेजारच्या रिकाम्या गादीपुढं. मग जिन्याकडं बघत म्हणाला, "बीजा बेन नीचे छे? बोलावू?" दुसऱ्या बेन खाली आहेत का, असं.

मी जिन्याकडं बघितलं. चांगला वेळ बघितलं.

"ना भाई," मी म्हटलं, "एकली ज छुं."